रतनवाडी ते खिरेश्वर : मुंबईकरांसाठी पाच दिवसांची डोंगरवाट

भंडारदऱ्याच्या जलाशयाकाठून निघायचं, रतनगड चढून उतरायचा, कात्राबाईची खिंड ओलांडून मुळा नदीच्या खोऱ्यात शिरायचं, तिथून हरिश्चंद्रगड चढायचा आणि पलीकडे पिंपळगाव जोगा धरणाच्या पाण्याशी उतरायचं. एका जलाशयापासून दुसऱ्या जलाशयापर्यंत. मधली बहुतेक वाट कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यातून जाते. १९८६ साली हे अभयारण्य झालं. हिरडा, बेहडा, जांभूळ, करवंद आणि दोन्ही बाजूंनी खांद्याला घासणारी कारवी असं हे रान आहे. मुंबईहून कसारा लोकलने निघून पाच दिवसांत असं काही पायाखालून घालता येतं, हे मला अजूनही मोठं भाग्य वाटतं.

बरेच गट शुक्रवारी रात्री निघून रविवारी रात्री घरी, असा हा ट्रेक मारतात. मीही एकदा तसाच केला होता. त्या खेपेतलं मला आठवतं ते पुढच्या माणसाच्या बुटांची टाच आणि टॉर्चचा गोल उजेड. वाटेतलं कुमशेत गाव कसं दिसतं ते कळलंच नाही, कारण आम्ही तिथे अंधारात पोचलो आणि अंधारातच निघालो. म्हणून इथे देते आहे तो आराखडा चार रात्री-पाच दिवसांचा आहे. एवढी रजा मिळत नसेल तर अर्धीच वाट करा, पण सावकाश करा.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते. सह्याद्रीतल्या लांब वाटेचा दिवस किलोमीटरवर आखायचा नसतो, तो पाण्यावर आखायचा असतो. आज शेवटचं खात्रीचं पाणी कुठे आणि पुढचं कुठे, हे दोन प्रश्न रोज सकाळी सुटले की बाकीचं सगळं जागेवर बसतं.

कधी जायचं

ऑक्टोबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत. ऑक्टोबरात सोनकीची पिवळी फुलं पठारांवर असतात, ओढे वाहते असतात आणि भंडारदरा काठोकाठ भरलेलं असतं. मात्र दुपारचं ऊन अंगावर येतं. डिसेंबर-जानेवारीत चालायला सुख, पण हरिश्चंद्रगडावर रात्री कडाक्याची थंडी पडते आणि छोटे ओढे आटायला लागतात. माझी पसंती नोव्हेंबरच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्याला. बहुतेक वर्षी दिवाळीची गर्दी ओसरलेली असते आणि पाणीही अजून हाताशी असतं.

पावसाळ्यात ही सलग वाट करू नका. रतनगड किंवा हरिश्चंद्रगड सुटा करणं वेगळं आणि मधलं रान ओलांडणं वेगळं. धुक्यात दहा पावलांवरचं दिसत नाही आणि ओढे तासाभरात फुगतात. ओढ्याला पाणी चढलं तर तिथेच बसून उतरायची वाट पाहायची. दोर लावून पलीकडे जाण्याचं धाडस पोहता येणाऱ्यांनीही करू नये. मार्चनंतर अडचण उलटी होते. गवत वाळतं, वणवे लागतात आणि गडांवरच्या पाण्याच्या टाक्यांचा तळ दिसू लागतो.

सहा आठवडे आधीपासून

लोकलमध्ये उभं राहून तयार झालेले पाय पहिल्या दिवशी चढ चढतात. तिसऱ्या दिवशी उतार लागला की गुडघे बोलायला लागतात. तेव्हा सराव उताराचा करायचा. इमारतीचे जिने आठवड्यातून तीन दिवस, आधी मोकळ्या हातांनी, मग पाठीवर सॅक घेऊन. सॅकमध्ये वजन म्हणून पाण्याच्या बाटल्या भरा. सुरुवातीच्या दोन आठवड्यांत वर पोचल्यावर ते पाणी गच्चीतल्या कुंड्यांना घाला आणि रिकामे उतरा, म्हणजे गुडघ्यांवर एकदम ताण येणार नाही. पुढे भरल्या सॅकने उतरायला लागा. रविवारी बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात फाटकापासून कान्हेरीपर्यंत चालत जाऊन यायचं. निघण्याआधी पंधरा दिवस एखादा मुक्कामी ट्रेक करा. राजमाची उत्तम. बूट कुठे चावतो, सॅकचा पट्टा कुठे काचतो हे तिथेच कळतं.

बूट नवे नकोत. तळ खाचदार हवा आणि अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी, नाहीतर उतारावर नखं काळीनिळी होतात.

सॅकमध्ये काय

पाण्यासकट दहा किलोच्या वर जाऊ देऊ नका. स्लीपिंग बॅग, कॅरीमॅट, चालायचे कपडे दोन जोड, रात्रीचा एक कोरडा जोड जो कितीही मोह झाला तरी चालताना घालायचा नाही, कानटोपी, स्वेटर, पातळ पावसाळी जॅकेट. हेडटॉर्च प्रत्येकाकडे स्वतंत्र. पाणी तीन लिटर, आणि ते तीन बाटल्यांत. एक फुटली तरी दोन राहतात. सगळं सामान आधी मोठ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत आणि मग सॅकमध्ये. जड वस्तू पाठीला लागून, मधल्या उंचीवर.

खायला आपल्याकडे इतके टिकाऊ प्रकार आहेत की बाजारातली महागडी पाकिटं लागतच नाहीत. दशम्या दोन दिवस टिकतात. तिळाचे लाडू, खजूर, शेंगदाण्याची चिक्की, भडंग, लसणाची सुकी चटणी. तांदूळ आणि मूगडाळ मोजून, हळद-मीठ-जिरं घालून एकेका जेवणाच्या वेगळ्या पिशव्या घरीच बांधा. थकून पोचल्यावर कोणाला मोजमाप करायचं त्राण नसतं. मुक्कामाची गावं असल्याने दोन्ही वेळची शिदोरी वाहायची गरज नाही, पण एका पूर्ण दिवसाचं जास्तीचं खाणं गटाकडे असलंच पाहिजे.

औषधांत ओआरएस, पॅरासिटामॉल, पोट बिघडल्यावरच्या गोळ्या, जंतुनाशक मलम, क्रेप बँडेज, मायक्रोपोर पट्टी आणि ज्याची त्याची रोजची औषधं. पायाला फोड येतो त्याच्या आधी ती जागा अर्धा तास गरम लागते. नेमकं तेव्हाच थांबायचं. बूट काढा, मोजा उलटा करून खडा-कुसळ झाडा, त्वचा पुसून कोरडी करा आणि मायक्रोपोर सुरकुती न पडता चिकटवा. ‘पुढच्या विश्रांतीला बघू’ म्हणून चालत राहिलेला माणूस संध्याकाळी लंगडत येतो आणि उरलेले तीन दिवस सगळा गट त्याच्या चालीने चालतो.

बायकांसाठी दोन शब्द. पाळीची तारीख जवळ असेल तर ट्रेक रद्द करायची गरज नाही. वापरलेले पॅड कागदात गुंडाळून, दोन झिपच्या पिशव्यांत घालून परत आणायचे. पुरलेले जनावरं उकरतात. शौचाला वाट आणि पाणी या दोन्हींपासून शंभर पावलं लांब जायचं, वीतभर खड्डा करून नंतर माती लोटायची. हा नियम अर्थात सगळ्यांनाच. गटात दुसरी बाई असली तर बरं, आणि लीडरला आधीच सांगून ठेवलं की मधे थांबण्याचा संकोच राहत नाही.

गट, वाटाड्या आणि एक चिठ्ठी

चार ते आठ जण. चारपेक्षा कमी नकोत, कारण एकाला लागलं तर एक त्याच्याजवळ थांबतो आणि दोघं मदत आणायला जातात. सगळ्यात सावकाश चालणाऱ्याला पुढून दुसरा ठेवा, शेवटी नको. शेवटी वाट माहीत असलेला, दम टिकवून असलेला माणूस हवा.

रतनवाडी ते कुमशेत या टप्प्याला वाटाड्या घ्याच. फोनमधला नकाशा जरूर उतरवून घ्या, पण तो ढोरवाट आणि माणसांची वाट यांतला फरक सांगत नाही. गुरं चरायला जिथे जिथे जातात तिथे मळलेली पायवाट असते आणि ती एखाद्या गवताळ टप्प्यावर जाऊन संपते. इथले महादेव कोळी आणि ठाकर समाजाचे लोक या रानात पिढ्यान्‌पिढ्या वावरले आहेत. मजुरी आदल्या दिवशी ठरवा आणि त्यात परतीच्या दिवसाचे पैसेही धरा, कारण तुम्ही पुढे निघून जाता पण त्याला तेवढंच चालत घरी जायचं असतं. पैसे रोख न्या. कात्राबाई-कुमशेत पट्ट्यात फोनला रेंज मिळेल यावर विसंबून कोणताच व्यवहार ठरवू नका.

निघताना घरी एक चिठ्ठी ठेवा. फ्रिजवर चिकटवलेला साधा कागद. त्यावर सगळ्यांची नावं, रोजचा मुक्काम, रतनवाडीतल्या मुक्कामाच्या घराचा फोन नंबर, आणि ‘पाचव्या दिवशी रात्री नऊपर्यंत फोन आला नाही तर या क्रमांकांवर कळवा’ अशी ओळ. आणीबाणीचा ११२, रुग्णवाहिकेचा १०८ आणि महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरची हेल्पलाइन, जिच्यामार्फत ठिकठिकाणचे गिर्यारोहक शोध-बचावाला धावतात. हेच क्रमांक सॅकच्या वरच्या कप्प्यातही असू द्या.

अभयारण्याच्या नाक्यावर प्रवेशशुल्क भरून पावती घ्यावी लागते. गडांवर राहण्याचे आणि तंबू ठोकण्याचे नियम हंगामागणिक बदलत आले आहेत, तेव्हा निघण्याच्या आठवड्यात वनखात्याकडे आणि मुक्कामाच्या घरी विचारून घ्या. हरिश्चंद्रगडावर मनाई असेल तर पायथ्याच्या पाचनईला राहून पहाटे चढायचं. आराखडा मोडत नाही.

पहिला दिवस : मुंबई ते रतनवाडी

पहाटेची कसारा लोकल. आसनगाव येताना माहुलीचे सुळके दिसतात, तेव्हा झोपलेल्यांना उठवा. कसाऱ्याला स्टेशनबाहेर जीप मिळतात. घाट चढून इगतपुरी, घोटी, मग बारी आणि शेंडी. बारी हे कळसूबाईच्या पायथ्याचं गाव. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच १,६४६ मीटरचं शिखर तिथे डोक्यावर उभं असतं. पाच-सहा जण असाल तर कसाऱ्याहून थेट रतनवाडीपर्यंत जीप ठरवणं परवडतं.

शेंडीला प्रवरेवरचं विल्सन धरण आहे, १९२६ साली पुरं झालेलं. त्यामागचा जलाशय म्हणजे आर्थर लेक, पण आपण सगळे भंडारदराच म्हणतो. रस्ता जलाशयाला वळसा घालून दुसऱ्या टोकाला रतनवाडीला येतो.

दुपारी पोचून लगेच गड चढायचा मोह होईल. जाऊ नका. पहाटे तीनला उठलेलं शरीर घेऊन उशिराची चढाई म्हणजे अंधारातली उतराई. त्याऐवजी अमृतेश्वराचं मंदिर बघा. शिलाहारकालीन आहे आणि बाहेरच्या भिंतीवरचं नक्षीकाम हात लावावासा वाटेल इतकं बारीक आहे. बाजूलाच देवकोष्ठं असलेली पुष्करणी. मग पाण्याच्या काठी जा. नोव्हेंबरात पाणी मागे सरायला लागतं तशा काठावर ओल्या गाळाच्या पायऱ्या दिसतात, एकेक आठवड्याची एकेक रेघ. गाळात पाय घोट्यापर्यंत रुततो, म्हणून गवत असेल तिथपर्यंतच. पोहायला उतरू नका. काठापासून दोन पावलांवर तळ सुटतो असे भाग इथे आहेत.

रात्री गावातल्याच घरात मुक्काम. भाकरी, पिठलं, भात मिळतं. जेवणाची वर्दी आदल्या दिवशी फोनवर द्या. ऐनवेळी आठ माणसांचा स्वयंपाक म्हणजे त्या घरच्या बाईची रात्र जाते.

दुसरा दिवस : रतनगड

मोठी सॅक घरी ठेवून दिवसाच्या छोट्या सॅकने निघा. सकाळी सहा ही वेळ उत्तम. सुरुवातीची वाट प्रवरेच्या काठाने जाते, नदी एकदोनदा ओलांडते आणि मग दाट झाडीत शिरते. कुठे वर शेंड्याला फांदी हलली आणि तांबडी झुपकेदार शेपटी दिसली तर थांबा. तो शेकरू, आपला राज्यप्राणी. जंगलात एका ठिकाणी वाटेला फाटा फुटतो. एक वाट गडावर, दुसरी कात्राबाईमार्गे हरिश्चंद्रगडाकडे. परतताना हा फाटा उजेडात नीट पाहून ठेवा. फांदी, दगड, फलक, जे लक्षात राहील ते. उद्या पहाटे इथूनच जायचं आहे.

पुढे चढ अंगावर येतो आणि कड्याला लावलेल्या लोखंडी शिड्या लागतात. शनिवार-रविवारी इथे रांग लागते, तासभरही जातो. म्हणूनच पहाटे निघायचं आणि शक्यतो आठवड्यातल्या दिवशी यायचं. शिडीवर एका वेळी एकच माणूस. सकाळी गज दवाने ओले असतात, हाताला गार आणि बुळबुळीत लागतात. दोन हात-एक पाय किंवा दोन पाय-एक हात, असे तीन आधार कायम. पाऊल पायाच्या मधल्या भागावर टेकवा, नुसत्या चवड्यावर नको. उतरताना तोंड शिडीकडे. गळ्यातला कॅमेरा आणि पाण्याची लोंबती बाटली आधीच आत टाका, ती गजात अडकते. आणि खाली उभे राहणारे शिडीच्या रेषेतून बाजूला.

गणेश दरवाजातून वर आलात की रत्नाईची गुहा, राणीचा हुडा, पाण्याची टाकी आणि शेवटी नेढं. कड्यात आरपार पडलेलं हे भोक म्हणजे रतनगडाची ओळख. आत शिरलं की वारा ढकलतो, म्हणून बसूनच राहा. एका बाजूला अलंग-मदन-कुलंग, मागे कळसूबाई, खाली सांधण दरीची चीर आणि भंडारदऱ्याचं पसरलेलं पाणी. दुसऱ्या बाजूला कडा सरळ कोकणात तुटतो. या भिंतीच्या पूर्वेला पडलेला पावसाचा थेंब प्रवरेतून गोदावरीत आणि मग बंगालच्या उपसागराला जातो. वीतभर पश्चिमेला पडला तर अरबी समुद्राला. अर्धा तास तरी इथे काढा.

टाक्यांतलं पाणी प्यायचं झालं तर कापडातून गाळून उकळा किंवा क्लोरीनचे थेंब टाकून अर्धा तास थांबा. टाक्यात हात-पाय-भांडी धुवू नका. मागून येणाऱ्याला तेच पाणी प्यायचं असतं.

दुपारी दोनला उतरायला लागा. संध्याकाळी रतनवाडीत, आणि नऊला झोप.

तिसरा दिवस : कात्राबाईची खिंड

हा सगळ्या वाटेतला कठीण दिवस, आणि मला सगळ्यात आवडणाराही. आमच्या चालीने रतनवाडी ते खिंड चार तास आणि पुढे कुमशेतपर्यंत दोन-अडीच. विश्रांती धरून आठ तासांचा हिशेब ठेवा आणि पहाटे साडेपाचला बाहेर पडा.

एका वर्षी आम्ही निवांत चहा-पोहे करून साडेनऊला निघालो होतो. फाट्यापुढे वाट ओढ्यातून जाते, तिथे पाणी खळाळत होतं, पण ‘वरही ओढा आहेच’ असं म्हणत आम्ही बाटल्या भरल्या नाहीत. वरचा ओढा कोरडा होता. खिंडीत पोचलो तेव्हा दुपारचे दोन वाजून गेले होते आणि सहा जणांत मिळून एक लिटर पाणी. उतारावर मैत्रिणीच्या पोटऱ्यांत गोळे यायला लागले. दर दहा मिनिटांनी थांबून तिचे पाय चोळत, मीठ-साखरेचा एकेक घोट देत आम्ही उतरलो. कुमशेतचे दिवे दिसले तेव्हा काळोख झाला होता. कुणाला इजा झाली नाही, पण तिचा तो कोरडा पडलेला आवाज माझ्या कानात आहे. तेव्हापासून माझा नियम आहे : वाहतं पाणी दिसलं की थांबायचं, अर्धा लिटर तिथेच प्यायचं आणि सगळ्या बाटल्या गळ्यापर्यंत भरायच्या. वर पाणी आहे असं कोणीही सांगितलं तरी.

फाट्यापासून खिंडीपर्यंतचं जंगल दाट आहे. भर दुपारीही सावली असते. त्यामुळे चढ जाणवत नाही आणि घाम मात्र जात राहतो, तहान उशिरा कळते. दर अर्ध्या तासाला घोटभर पाणी, लागो न लागो. एखाद्या वळणावर पंधरा मिनिटं मळलेली वाट, बाण किंवा दगडांची रास काहीच दिसलं नाही तर पुढे शोधू नका. शेवटच्या ओळखीच्या खुणेपर्यंत मागे या.

आग्या मोहोळाची भीती खरी आहे. कड्याखाली मोठी काळी पोळी लोंबताना दिसली तर आवाज बंद, विडी-सिगारेट आणि धूर तर मुळीच नको, उग्र वासाचं अत्तर-डिओ ट्रेकभर नको. माश्या उठल्याच तर हातवारे न करता तोंड-मान झाकून दाट झाडीत शिरायचं आणि तिथून दूर जायचं. गवतात आणि दगडांत पाऊल बघून टाका. घोणस आणि फुरसं दोन्ही इथे आहेत. साप चावला तर चिरा देणं, चोखणं, करकचून बांधणं यांतलं काहीही करू नका. चावलेला अवयव हलू न देता माणसाला उचलून लवकरात लवकर रुग्णालयात न्या.

खिंड म्हणजे प्रवरा आणि मुळा या दोन खोऱ्यांच्या मधला उंबरठा. मागे पाहिलं तर रतनगडाचा खुट्टा सुळका, पुढे आजोबा डोंगराची प्रचंड भिंत आणि लांब हरिश्चंद्रगडाचा पसारा. दोन्ही नद्या पुढे वेगवेगळ्या वाटांनी जातात; मुळा नेवाशाकडे प्रवरेला मिळते आणि मग प्रवरा गोदावरीला. इथे जेवण उरका, पण अर्ध्या तासापेक्षा जास्त बसू नका, पाय आखडतात.

उतरण घसाऱ्याची आहे. बारीक मुरूम पायाखालून सरकतो. टाच रुतवून, गुडघे किंचित वाकवून, लहान पावलं टाका. पुढच्या माणसाच्या थेट वर येऊ नका, आणि दगड सुटला तर लाज न बाळगता मोठ्याने ‘दगड’ म्हणून ओरडा. कारवीची काठी आधाराला बरी वाटते, पण मुळासकट उपटून घेऊ नका. कारवी सात वर्षांनी एकदा फुलते आणि तिच्या मुळांनीच हा उतार धरून ठेवला आहे. पडलेल्या काठ्या वाटेत हव्या तेवढ्या मिळतात.

कुमशेतला आम्ही ज्या घरी उतरतो तिथल्या मावशी नाचणीची भाकरी काठवटीत थापतात. पीठ गरम पाण्याने मळलेलं, हाताच्या कडेने भाकरी गोल फिरत मोठी होते आणि तव्यावर पडताना तिला कुठेही तडा जात नाही. मी दरवर्षी शेजारी बसून बघते. त्या म्हणतात, “ताई, घाई केली का फाटती.” सोबत उडदाचं घुटं आणि ठेचा. आठ तास चाललेल्या माणसाला यापेक्षा काही लागत नाही.

चौथा दिवस : कुमशेत–पाचनई–हरिश्चंद्रगड

सकाळी मुळा ओलांडून पेठेची वाडी आणि मग पाचनई. दोन-तीन तासांची शेताबांधांतली, वस्त्यांमधली चाल. कालच्या दिवसानंतर शरीराला हवी तशीच. पाचनईत जेवा आणि बाटल्या भरा.

पाचनईची वाट ही हरिश्चंद्रगडाची सोपी वाट. मंगळगंगेच्या बाजूने चढते आणि मधे कड्याच्या पोटातून आडवी जाते. वरचा खडक डोक्यावर छतासारखा पुढे आलेला. आमच्या चालीने दोन-अडीच तासांत मंदिराशी.

हरिश्चंद्रेश्वराचं मंदिर, सप्ततीर्थ पुष्करणी, लेणी आणि केदारेश्वराची गुहा, हे दुपारी बघून घ्या. केदारेश्वराचं भलंमोठं शिवलिंग कंबरभर बर्फगार पाण्यात आहे आणि भोवतीच्या चार खांबांपैकी एकच शाबूत उरला आहे. पाण्यात उतरणार असाल तर बूट-मोजे बाहेर, साबण-तेल काही लावलेलं नको, आणि उन्हं असतानाच. सूर्य कलल्यावर भिजलात तर रात्रभर थंडी हाडांतून जात नाही.

सूर्यास्ताला कोकणकडा. हा कडा नुसता उभा नाही, तो आत वळलेला आहे, नागाच्या फण्यासारखा. काठावर उभं राहिलं की खालची भिंत दिसतच नाही. म्हणून काठापासून दोन माणसांच्या उंचीइतक्या अंतरावर आधी बसायचं, मग पालथं झोपून सरपटत पुढे जायचं. मागच्याने घोटे धरायचे. खालून येणारा वारा तोंडावर आदळतो. उभ्याने फोटो काढू नका, मागे सरकत तर कधीच नाही. अंधार पडण्याआधी सगळे मोजून परत फिरा, आणि रात्री लघवीला उठलेल्याने कड्याच्या दिशेला जायचं नाही हे झोपताना पुन्हा सांगा.

पाचवा दिवस : तोलार खिंड, खिरेश्वर

पहाटे तारामतीवर जायला पाऊण तास पुरतो. गडावरचं हे सर्वोच्च शिखर आहे. खाली पिंपळगाव जोग्याचं पाणी चमकताना दिसतं. आज तिथेच जायचं आहे.

साडेआठला उतरायला लागा. मंदिरापासून तोलार खिंडीकडची वाट पठारावरच्या लहान टेकड्या चढत-उतरत जाते. हा भाग फसवा आहे. सगळ्या टेकड्या सारख्या दिसतात आणि धुकं असेल तर माणसं इथे गोल फिरत राहतात. दगडांवरचे बाण आणि रंगाच्या खुणा सोडू नका. पठार संपलं की रेलिंग लावलेला कातळटप्पा येतो. तोंड कातळाकडे, हात रेलिंगवर, एकेक जण. रेलिंग हलतं का ते आधी पाहून घ्या. पाय थकलेले असतात आणि ‘आता संपलंच’ असं वाटत असतं, त्यामुळे घसरण्याची वेळ नेमकी हीच. खिंडीत वाघाचं जुनं शिल्प आहे, तिथे पाणी प्या. एक वाट कोथळ्याकडे उतरते, आपण खिरेश्वरची धरायची. सगळी मिळून चार तास लागतात.

खिरेश्वरला जेवण, आणि नागेश्वराचं मंदिर बघितल्याशिवाय निघू नका. आतल्या छतावरचं कोरीवकाम मान वर करून बराच वेळ पाहण्यासारखं आहे. सगळा कचरा मोजून इथपर्यंत आणलेला असला पाहिजे. तो गावातही टाकायचा नाही, थेट घरी न्यायचा.

इथून खुबी फाट्यापर्यंत पाचेक किलोमीटर. जीप मिळते, पण पायांत थोडं बळ असेल तर धरणाच्या भिंतीवरून चाला. एका बाजूला पाणी पसरलेलं, त्यात सकाळी उतरलेल्या डोंगराची सावली. बूट सोडून चपला घाला, आता वाट सपाट आहे.

खुबी फाटा कल्याण-नगर हायवेवर आहे. माळशेज घाटातून कल्याणला जाणारी एसटी हात दाखवला की थांबते, रविवारी संध्याकाळी मात्र भरून येते, म्हणून चारच्या आत फाट्यावर या. फोन सुरू करा. मेसेज नंतर बघा. आधी घरी फोन लावा आणि फ्रिजवरची चिठ्ठी काढून टाकायला सांगा.